पहिल्या रांगेतली लाल खुर्ची

विचारलंच आहे, तर सांगतो. पण आधी चहा संपवा. मागच्या वेळी ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला, आणि सदरा माझा खराब झाला.

स्वतःचा पचका मी सहसा सांगत नाही. आमच्या धंद्यात एक चूक कबूल केली की लोक तुमचे सगळे मांडव पडके धरतात. पण हा पचका इतका मोठा आहे की लपवायला कनात पुरत नाही.

मी मांडववाला. भोरला चाळीस वर्षं मांडव घातले. शाळा चौथीपर्यंत. पुढची पुस्तकं नशिबात नव्हती, वासे आणि सुंभ होतं. लग्न, मुंज, सत्कार, सभा, सगळं केलं. खड्डा किती खोल घ्यायचा ते मला पट्टी न लावता कळतं. आणि कुणाला कुठे बसवायचं, ते तर झोपेतही कळतं.

पहिली रांग मानाची. सोफे, त्यांना पांढऱ्या खोळी, पुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. दुसरी रांग पहिलीकडे डोळे लावून बसणाऱ्यांची. तिसरीपासून पुढे साधी माणसं.

आणि मांडववाला कुठे बसतो?

मांडववाला बसत नाही. तो मागे खांबाला टेकून उभा राहतो, आणि वारा सुटला की वर बघतो.

तर बायको गेली, आणि मुलाने, सुहासने, मला सिंगापूरला आणलं. सेंगकांगला त्याचा फ्लॅट आहे, चौदाव्या मजल्यावर. तो बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. सून केतकी, तीही नोकरीला. नात रिया, वय दहा. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलताना ती अर्ध्या वाटेवर मराठी सोडून देते आणि इंग्रजीत बसून पुढे जाते.

घर चांगलं. माणसं चांगली. फक्त मला किल्ली नव्हती.

हसू नका. किल्ली म्हणजे काय ते ज्याच्याकडे नसते त्यालाच कळतं. ज्याला किल्ली नाही तो पाहुणा. आणि पाहुणा चार महिने राहिला की त्याला पाहुणा म्हणत नाहीत, सामान म्हणतात. सकाळी सगळे गेले की मी आत. बाहेर पडून दार ओढलं, की संध्याकाळपर्यंत खालच्या बाकावर. एकदा बसलो तसा. शेजारची बाई तीनदा येऊन विचारून गेली, "अंकल, ओके?" मी कसला ओके!

मी सुहासला सांगितलं, "मला एक किल्ली करून दे."

"बाबा, तुम्ही हरवाल."

"मी हरवेन की किल्ली?"

"दोन्ही."

"अरे, मी अख्ख्या तालुक्यात मांडव घेऊन फिरलोय!"

"तालुक्यात फिरलात. इथे सगळ्या बिल्डिंगा सारख्या दिसतात. मलाही कधीकधी कळत नाही."

"मग तुझी किल्ली काढून घेऊ का?"

केतकी मध्ये पडली. तिने तोडगा काढला. शुक्रवारी संध्याकाळी ती आणि रिया मॉलमध्ये शाळेचे बूट घ्यायला जाणार होत्या. स्टेशनबाहेर रात्रीचा बाजार लागला होता. मी तासभर तिथे एकट्याने फिरायचं. फोन करायचा नाही. बरोबर आठ वाजता स्टेशनच्या दारात उभं राहायचं. सुहासही त्याच वेळी ऑफिसातून येऊन तिथेच उतरेल. मी वेळेवर, गोंधळ न घालता तिथे दिसलो, तर शनिवारी सकाळी किल्ली.

मुलाने बापाची परीक्षा घ्यायची! चौथीनंतर मी परीक्षा दिली नव्हती. चौथीचीही नीट दिली नव्हती. पण म्हटलं, देतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मला इंग्रजीचा एकच शब्द वाचता येतो. रिझर्व्ड. तो मला सुहासनेच शिकवला, इथल्या मेट्रो गाडीत. दाराजवळच्या सीटवर बोट ठेवून म्हणाला होता, "बाबा, हा शब्द नीट बघून घ्या. हा दिसला की ती जागा म्हाताऱ्यांची. बिनधास्त बसा. कुणी बसलेलं असेल तर उठेल." आणि खरंच उठायचे हो! चांगली धडधाकट पोरं टुणकन उठायची. मी तो शब्द पाठ केला. पहिलं अक्षर कसं, शेवटचं कसं, सगळं. एकच येतो, पण कामाचा येतो, असा मला गर्व होता.

त्या गर्वाचं काय झालं ते ऐका.

शुक्रवारी सातला निघालो. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. नीळ घालून स्वतः धुतलेले. हातात छत्री.

या बाजाराला इथे पसार मलाम म्हणतात. मी पहिल्यांदा 'पसारा' ऐकलं होतं. पाहिल्यावर वाटलं, बरोबर ऐकलं. माणसावर माणूस. काडीला गुंडाळलेला बटाटा, काडीला टोचलेलं मांस, काडीला लावलेलं आणखी काहीतरी. मोबाइलची कव्हरं, चड्ड्या, कापसाची अस्वलं. एका ठिकाणी असा वास आला की मला वाटलं गटार फुटलं. बघतो तर लोक रांग लावून ते खात होते.

तिथली चिनी बाई मला म्हणाली, "अंकल, ट्राय ट्राय! व्हेरी नाइस!"

मी मराठीत म्हटलं, "बाई, हे खाताना नाक कुठे ठेवायचं?"

ती हसली आणि एक तुकडा पुढे केला. मी पुढे निघालो.

मांडव मात्र मी नीट बघितला. सवय. सगळा लोखंडी सांगाडा. एक बांबू नाही, एक गाठ नाही. एका खांबाचा नट ढिला होता. मी खांब धरून हलवून बघितला. लगेच फोनची कव्हरं विकणारा पोरगा ओरडला, "अंकल! अंकल! डोन्ट शेक!"

"अरे, नट ढिला आहे," मी म्हटलं.

"टेन डॉलर!"

"नट म्हणतोय मी, नट!"

"ओके ओके, एट डॉलर!"

मी नट हाताने आवळला आणि निघालो. पोराने मागून थँक्यू तर नाहीच म्हटलं, वर पाच डॉलर म्हणाला.

बाजार संपला तिथे मोकळं मैदान होतं. आणि मैदानात मांडव होता. खरा मांडव! कापडाचा, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, झालर लावलेला. मला घर दिसल्यासारखं झालं. समोर स्टेज, दिवे, आणि चकचकीत टिकल्यांच्या झग्यातली एक बाई कंबर हलवत चिनी गाणं म्हणत होती. खुर्च्या गच्च भरलेल्या. मागे शे-दोनशे लोक उभे.

आणि पहिली रांग पूर्ण रिकामी.

चाळीस वर्षांत मी रिकामी पहिली रांग पाहिली नव्हती. आमच्याकडे पहिल्या रांगेपायी सोयरिकी मोडल्यात. आणि इथे ओळीने लाल खुर्च्या, कुणी फिरकत नाही. जवळ गेलो. प्रत्येक खुर्चीला कागद चिकटवलेला. वर चिनी अक्षरं. आणि खाली?

खाली माझा शब्द. रिझर्व्ड.

खरं सांगतो, छाती भरून आली. म्हटलं, काय लोक आहेत! म्हाताऱ्यांसाठी अख्खी रांग राखली. तरुण पोरं पाय दुखेपर्यंत उभी, पण बसत नाहीत. दुसऱ्या रांगेत माझ्याच वयाच्या चार-पाच चिनी बायका बसल्या होत्या. त्या पुढे का आल्या नाहीत? म्हटलं, लाजत असतील.

मी लाजलो नाही. बरोबर मधली खुर्ची धरली. छत्री शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि मांडी घालून बसलो.

मागे खुर्च्या सरकल्या. वळून बघितलं, तर दुसरी रांग हातभर मागे गेलेली. मान द्यायची ही पद्धत मला आवडली.

स्टेजवरची बाई मधेच अडखळली. मग पहिल्या रांगेकडे बघून कमरेत वाकली. मी मान हलवली. चालू द्या म्हटलं.

समोर टीपॉय होता. बघा, इथेही टीपॉय! त्यावर संत्री, गुलाबी पाव, आणि चहाचे छोटे छोटे कप. पाहुण्यांसाठी. मी एक संत्रं उचललं, सोललं आणि खाल्लं. मागे कुणीतरी जोरात श्वास घेतला. मग चहा प्यालो. गार, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मी मनात म्हटलं, हा चहा मेलेल्या माणसानेच प्यावा.

शपथ सांगतो, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

तेवढ्यात एक चिनी म्हातारा आला. पिवळा शर्ट, हातात पेटवलेल्या उदबत्त्या. माझ्यासमोर उभा राहिला, डोळे मिटले, आणि तीनदा वाकला. आता तो माझ्याहून मोठा असावा. पण समोर वाकलेल्याला रिकामं पाठवू नये. मी हात वर केला आणि म्हटलं, "सुखी राहा."

त्याने डोळे उघडले. हातातली एक उदबत्ती खाली पडली.

दुसऱ्या रांगेतलं एक लहान पोर माझ्याकडे बोट दाखवून भोकाड पसरून रडायला लागलं. त्याच्या आईने आधी त्याचे डोळे झाकले, मग स्वतःचे.

मग कडेला तसेच पिवळे शर्ट घातलेल्या कार्यकर्त्यांची कुजबुज सुरू झाली. कुजबुज मला कळते. भाषा कुठलीही असो, 'याला कोण उठवणार' ही कुजबुज सारखीच असते. शेवटी त्यांच्यातला एक चाळिशीचा माणूस आला. वाकला. "अंकल, सॉरी आ. हिअर कॅनॉट सिट."

म्हणजे कुणीतरी पुढारी आला!

आता मी का उठलो नाही, ते सांगतो. एकदा आमच्या गावी एका सत्काराला माझा बाप आला आणि पहिल्या रांगेत बसला. मांडव मुलाचा, म्हणून बसला. पाहुणे आले, एक जागा कमी पडली. मी बापाजवळ गेलो आणि म्हटलं, "दादा, उठा जरा." तो उठला. मागे जाऊन खांबापाशी उभा राहिला. मी सोफ्याची खोळ नीट केली. तो त्यावर कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर मी म्हटलं, "नो."

"अंकल, प्लीज."

मी कागदावर बोट ठेवलं. "रिझर्व्ड." मग तेच बोट छातीवर ठेवलं. "मी."

त्याचा चेहरा उतरला. त्याने मला टोपीपासून लेंग्यापर्यंत बघितलं. सगळं पांढरं. मग हळूच विचारलं, "अंकल, यू स्टे वेअर?"

स्टे म्हणजे राहता कुठे, एवढं मला येतं. चौदाव्या मजल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नव्हतं. मी बोट वर केलं. आकाशाकडे.

तो दोन पावलं मागे गेला. माझ्या मागची दुसरी रांगही गेली.

मी छाती काढून बसलो. म्हटलं, जिंकलो! आणि आठ कधी वाजून गेले, कळलं नाही.

"आजोबा!"

रियाची किंचाळी. बघतो तर कडेने ती धावत येतेय, मागे केतकी बुटांची पिशवी घेऊन, आणि तिच्या मागे सुहास, गळ्यात ऑफिसचा पट्टा, घामाघूम. वीस मिनिटं मला शोधत होते.

"आजोबा, गेट अप लाह! उठा! ती सीट तुमची नाही!"

"माझीच आहे. लिहिलंय. वाच."

"रिझर्व्ड आहे!"

"तेच म्हणतोय."

"आजोबा, फॉर घोस्ट्स! भुतांची आहे! या मंथमध्ये मेलेले लोक सगळे परत येतात, टीचरने सांगितलंय. फ्रंट रो त्यांची! ते फूड पण त्यांचं! आणि तुम्ही," तिचा आवाज चिरकला, "तुम्ही छत्री कुणाच्या तरी मांडीवर ठेवलीय!"

मी छत्री उचलली. आधी छत्री उचलली, मग मी उठलो. आणि, हसा खुशाल, त्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले.

कारण हे मला कळायला हवं होतं हो. ज्याला चौथीही धड आली नाही त्यालाही कळतं. आपल्याकडे पितरांचं पान मांडल्यावर कावळ्याआधी कुणी हात लावतं का? आईने लाटणं फेकून मारलं असतं. गेल्या वर्षी बायकोच्या पानाजवळ मी दोन तास उन्हात बसलो होतो, कावळ्याची वाट बघत. आणि इथे? इथे मीच कावळा झालो. चार दिव्यांच्या झोतात, मांडी घालून.

सुहास त्या पिवळ्या शर्टवाल्यांपुढे वाकून वाकून सॉरी म्हणत होता. माझ्या वतीने, मी तिथे उभा असताना. मला उठवलं त्याचं नाही लागलं, तेवढं ते लागलं.

उदबत्तीवाला म्हातारा पुढे आला. रियाशी इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"ते ऑरेंज त्यांनी ठेवलं होतं. त्यांच्या वाइफसाठी."

मी टीपॉयवर टाकलेल्या साली गोळा केल्या. टाकायच्या कुठे तेही कळेना. खिशात घातल्या.

"त्याला सांग, गोड होतं," मी म्हटलं. "सांग, माझी पण गेली. मागच्या वर्षी."

रियाने सांगितलं. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने टीपॉयवरचं दुसरं संत्रं उचललं आणि माझ्या हातात दिलं. वर रियाला आणखी काहीतरी म्हणाला. ती एकदम हसली आणि तोंडावर हात ठेवला. पिवळे शर्ट सगळे हसले. सुहास तेवढा खाली बघत होता.

लिफ्टमध्ये सुहास म्हणाला, "बाबा, किल्लीचं जरा थांबू या."

"किती?"

"बघू."

चाळीस वर्षं धंदा केला. गिऱ्हाईक 'बघू' म्हणालं की त्याने दुसरा मांडववाला ठरवलेला असतो, हे मला कळतं. मी म्हटलं, "बघा."

केतकी म्हणाली, "अहो, आज लगेच कशाला तो विषय?"

"मग कधी?" सुहास म्हणाला. "आकाशातून आलोय असं सांगितलंय त्यांनी लोकांना! त्या माणसाने मला विचारलं, हे तुमचेच वडील आहेत ना, नक्की? तुम्हालाही ते दिसतायत ना?"

"मी चौदावा मजला दाखवत होतो," मी म्हटलं.

पाचवा मजला गेला. सहावा गेला.

मी रियाला विचारलं, "तो म्हातारा शेवटी काय म्हणाला? तू हसलीस ते?"

"नथिंग, आजोबा."

"सांग."

तिने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग त्या म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हणाली, "टेल युअर आजोबा, नो नीड टू रश. हिज सीट, कन्फर्म हॅव."

"म्हणजे?"

केतकीला सांगवेना. तिने ओठ चावले. "म्हणजे, बाबा... आजोबांना सांग, घाई करू नका. तुमची खुर्ची पक्की आहे म्हणे."

सुहास फुटला. लिफ्टच्या भिंतीला टेकून, पोट धरून हसला. त्याची आई गेल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. केतकी हसली, रिया तर खाली बसली. चौदावा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, तरी ही माणसं आत हसतायत.

मी हसलो नाही. मी हिशेबी माणूस. उभा राहून विचार केला. आयुष्यभर दुसऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नावाची खुर्ची राखून ठेवतो म्हणाला, तेही न मागता, तेही परमुलखात.

बसायला अट फक्त एकच. आधी मरावं लागतं.